खुंटीवरची खाकी पिशवी

दाराच्या आत डाव्या हाताला एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर खाकी पिशवी. घरात सासूचे देव होते, पण त्यांनाही एवढं सोवळं नव्हतं. देवापुढची काडेपेटी शेवंती स्टोव्ह पेटवायला खुशाल उचलायची. पिशवीतली काडेपेटी मात्र पिशवीतच राहायची. चहा खोळंबला तरी चालेल, शेजारी जाऊन काडी मागावी लागली तरी चालेल, पण तिचा हात खुंटीकडे गेला की सहदेव बसल्या जागेवरून म्हणायचा, "शेवंते, ती गाडीसाठी आहे."

घाटकोपरच्या त्या टेकडीवर गाडी म्हटलं की एकच गाडी. झोपड्या तोडायला येणारा ट्रक, त्याच्यापुढे पोलिसांची निळी व्हॅन आणि मागे पहारी खांद्यावर टाकलेली वीस-पंचवीस माणसं. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर साठेक घरं होती. वर्षातून एकदा तरी गाडी यायची, कधी दोनदा. येण्याआधी कुणी सांगायचं नाही. खालच्या वळणावर रुळाचा एक तुकडा टांगला होता. गाडी ज्याला आधी दिसेल त्यानं तो दगडानं बडवायचा, एवढाच काय तो बंदोबस्त.

सहदेव पेडणेकर गिरणीत फिटर होता. होता म्हणायचं, कारण ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीनं त्याला परत घेतलं नाही. लालबागला चुलतभावाच्या खोलीत किती दिवस काढणार? तिथून उठून ही माणसं त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात टेकडीवर आली. सहदेव, शेवंती आणि पायांनी अधू झालेली त्याची आई. मुलं दोन, नऊ वर्षांची प्रेमा आणि सहा वर्षांचा नंदू. त्यांना कुडाळकडे गावी दिराच्या घरात ठेवलं होतं. "घर एकदा नीट उभं राहू दे, मग आणू," असं सहदेव म्हणाला होता, आणि शेवंती त्या शब्दावर दिवस ढकलत होती. प्रेमाची पत्रं यायची. वरचा मजकूर काकीनं सांगितलेला असायचा, खाली कोपऱ्यात एखादी ओळ तिची स्वतःची. दिवाळीच्या पत्रात त्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नंदू आता काकीला आई म्हणतो.' शेवंतीनं ते पत्र वाचून सासूला वरचा मजकूर तेवढा ऐकवला.

त्याच दिवाळीनंतर टेकडीवर गाडी आली. सहदेवनं बांधलेलं पहिलं घर खिळ्यांचं होतं, सगळ्यांसारखं. अर्ध्या तासात त्याच्या काटक्या झाल्या. आजूबाजूच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत आपापल्या काटक्या गोळा केल्या, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले आणि रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा घरं उभी केली. टेकडीची रीतच ती. लोकांनी तोडायचं, आपण जोडायचं. सहदेवला ती रीत पटली नाही. बावीस वर्षं ज्यानं माग खोलून पुन्हा तस्सेच जोडले, त्याला फाटक्या पत्र्याला ठिगळ लावून राहणं म्हणजे अपमान वाटायचा. दोन महिने तो कुर्ल्याच्या भंगारात फिरला. लोखंडी अँगल आणले, बारा पत्रे आणले आणि दुसरं घर उभं केलं ते नटबोल्टांवर. अठ्ठेचाळीस बोल्ट, सगळे एका मापाचे. सोळा-सतराचा एक पाना घेतला की सगळं घर उघडायचं आणि त्याच पान्यानं पुन्हा उभं राहायचं. खिळा कुठं औषधालासुद्धा नव्हता.

"गाडी यायच्या आत आपणच घर काढून ठेवायचं," त्यानं शेवंतीला समजावलं. "तोडायला घरच नाही, तर तोडणार काय? गाडी गेली की तासाभरात जोडायचं. एक पत्रा फाटणार नाही."

मग त्यानं पिशवी भरली. सोळा-सतराचे दोन पाने, एक त्याचा आणि एक शेवंतीचा. पक्कड, हातोडी, तारेचं भेंडोळं. बोल्ट ठेवायला झाकणाचा डबा. नायलॉनची दोरी, ताडपत्री शिवायला दाभण आणि सुतळी. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत काडेपेटी आणि मेणबत्तीचे दोन तुकडे, बुचावर मेण ओतून बंद केलेले. चाकू. पत्र्याचा पेला. रेशनकार्ड मेणकापडात गुंडाळलेलं. तळाशी एक पोस्टकार्ड आणि पेन्सिलीचा तुकडा. पोस्टकार्डावर दिराचा पत्ता आधीच घातलेला होता आणि मजकूरही सहदेवनं आधीच लिहून ठेवला होता. 'गाडी येऊन गेली. आम्ही व घर सुखरूप आहोत. काळजी नसावी. ठरल्याप्रमाणे मुलांना जूनमध्ये पाठवणे.'

"हे आत्ताच कशाला लिहिता?" शेवंतीनं विचारलं.

"त्या दिवशी हात थरथरतो," तो म्हणाला. "गिरणीतसुद्धा अपघाताचं औषध अपघात झाल्यावर आणायला जात नाहीत."

शेवंतीला त्या वेळी नवऱ्याचा अभिमान वाटला. हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिनं त्या अभिमानापायीच सोसलं.

दर रविवारी सकाळी आठ वाजता प्रॅक्टिस असायची. सहदेव मनगटावरचं घड्याळ बघून "गाडी," असं म्हणायचा आणि लगेच सुरुवात. आधी सासूला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवायचं. मग पिशवी काढायची. मग तो ड्रमवर चढून छपराचे बोल्ट काढायचा आणि शेवंती खालचे. सहा-सहा पत्र्यांचे दोन गठ्ठे, अँगलचा तिसरा, दार आणि दोन फळ्यांचा चौथा. प्रत्येक गठ्ठ्याला दोरीचे दोन कान, दोन माणसांनी दोन बाजूंनी उचलायला. वर तांबड्या रंगात नाव, 'स. धों. पेडणेकर', दुसऱ्यांच्या सामानात मिसळू नये म्हणून. सगळं झालं की तो घड्याळ बघायचा. पहिल्या रविवारी एक्केचाळीस मिनिटं लागली. मग तेहतीस. मग सव्वीसवर गाडं अडलं.

अडलं ते शेवंतीमुळे. घाईत तिचा पाना उलटा फिरायचा, बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळायचा. सहदेव ड्रमवरून खाली वाकायचा आणि आपल्या पान्याचं टोक तिच्या बोटांच्या पेरांवर हाणायचा. जोरात नाही, पण नेमकं. "कुठल्या बाजूला फिरवतेस? तुझी चूक सुधारेपर्यंत गाडी काय चहा पीत बसेल?" तिच्या उजव्या हाताची दोन नखं काळी पडली. रडायला वेळ नसायचा, कारण रडण्याची मिनिटंही घड्याळ मोजत होतं.

लोक चहाचे कप घेऊन बघायला बसायचे. "चला, पेडणेकरांची सर्कस सुरू झाली," असं कुणीतरी म्हणायचं. सासू उन्हात खुर्चीवर बसून मालवणीत मुलाला शिव्या घालायची. "दर रयवारी माका भायर काढतंस. अजून मी जिती आसंय रे, मेल्या. तिरडी बांधूची प्रॅक्टिस करतंस काय?" लोक खोखो हसायचे. सहदेव हसायचा नाही. दुपारपर्यंत घर परत जोडून व्हायचं, मग शेवंती स्वयंपाकाला लागायची.

सगळ्यांत जास्त हसायची ती चंपा. ती लगतच्या घरात एकटी राहायची, नवरा वारलेला, पंतनगरच्या कॉलनीत चार घरची धुणीभांडी. तिचं घर म्हणजे तेलाच्या डब्यांचे पत्रे, खोक्यांच्या फळ्या आणि वरून काळं प्लास्टिक. तिची तयारी म्हणजे डालड्याचा एक डबा, वाकड्या खिळ्यांनी भरलेला. "शेवंते, तुझा नवरा गाडीला शिस्त लावणार बघ," ती म्हणायची. "माझं काय, मोडलं तर मोडलं. मोडलेल्याला आणखी काय मोडणार?" बोलायला फटकळ, पण शेवंतीला काडेपेटी, मीठ, कधी मूठभर तांदूळ तिनंच दिले होते. पिशवीतली काडी वापरायची नाही म्हणून देवापुढच्या काड्या संपल्या की शेवंती काडीसाठी तिच्याच दारात जायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. चंपा कामावरून येत होती. चढणीवर कुणाच्या तरी फळीतून निसटून पडलेला खिळा तिच्या चपलेतून आरपार टाचेत घुसला, चप्पल पायाला शिवल्यासारखी झाली. ती लंगडत पेडणेकरांच्या उंबऱ्याशी येऊन बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"शेवंते, पक्कड दे गं. धरायला येत नाही, आत गेलाय."

शेवंती उठली. हात खुंटीपर्यंत गेलाही.

"हात लावू नकोस," सहदेव आतून म्हणाला.

"अहो, एक मिनिटाचं काम. इथंच बसलीय ती."

"आज पायातला खिळा, उद्या स्टोव्हची पिन, परवा कुणाचा डबा उघडायला. आणि गाडी येईल त्या दिवशी पक्कड चंपाच्या घरात. पिशवीतलं पिशवीत." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मुलं आणायचीत ना तुला जूनमध्ये?"

शेवंतीनं हात खाली घेतला. चंपाकडे वळून ती म्हणाली, आणि हे शब्द तिचेच होते, नवऱ्यानं पढवलेले नव्हते, "ती गाडीसाठी आहे गं. दुसऱ्या कुणाकडे बघ ना."

चंपा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक खिळ्याभोवती गुंडाळलं, दातांत ओठ धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. दोनदा हात निसटला. तिसऱ्यांदा खिळा आला, त्याच्याबरोबर रक्त आलं. तिनं खिळा उन्हात धरून पाहिला, पदराला पुसला. "चांगला दोन इंची आहे. वाया कशाला घालवू," असं म्हणून ती लंगडत घरात गेली आणि तो डालड्याच्या डब्यात टाकल्याचा आवाज शेवंतीला पत्र्याआडून ऐकू आला. पंधरा दिवस चंपाचा पाय सुजलेला होता. कॉलनीतली दोन घरं तिच्या हातून गेली. दुसऱ्या दिवसापासून शेवंती काडी मागायला तिसऱ्या घरी जाऊ लागली.

मार्चमध्ये प्रॅक्टिस एकोणीस मिनिटांवर आली. प्रेमाचं पत्र आलं, कोपऱ्यातल्या ओळीत नंदूचा एक दात पडल्याचं होतं. शेवंतीनं मनात हिशेब केला, जूनपर्यंत नवा दात अर्धा आलेला असेल.

गाडी आली ती एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. रूळ वाजला तेव्हा शेवंती तांदूळ निवडत होती. ताट तसंच टाकून ती उठली. सहदेवनं घड्याळ बघितलं आणि तो नेहमीसारखंच "गाडी" म्हणाला. या वेळी ती खरी होती एवढाच फरक.

त्या दिवशी शेवंतीचा पाना एकदाही उलटा फिरला नाही. सासू बाहेर गेली, पिशवी बाहेर गेली, छपराचे पत्रे एकामागून एक खाली आले. आजूबाजूला नुसता कल्लोळ होता, लोक भांडी फेकत होते, बायका रडत होत्या, आणि या दोघांच्या मधे मात्र पान्यांची टकटक आणि डब्यात पडणाऱ्या बोल्टांचा आवाज. चंपा दारात आली. "शेवंते, माझी पेटी हलत नाही गं एकटीला. एक हात लाव."

"थांब, आमचं झालं की आले."

त्यांचं झालं. चार गठ्ठे दोरीनं बांधून रस्त्याच्या कडेला एकाशेजारी एक उभे राहिले, पत्र्याला पत्रा लागून, नाव वरच्या बाजूला. सहदेवनं घड्याळ बघितलं. "चौदा," तो म्हणाला. कपाळावरचा घाम पुसताना तो कित्येक महिन्यांनी हसला. शेवंती चंपाकडे निघाली तर त्यानं तिचा दंड धरला. "गठ्ठ्यापाशी उभी राहा. इथून हलायचं नाही. गर्दीत कुणी दोरी पळवली तर?"

ती उभी राहिली. पहारीची माणसं वर आली. चंपाच्या घराला चार फटके पुरले. भिंत आतल्या बाजूला पडली ती पेटीवरच. पेटी दबल्याचा आवाज शेवंतीनं दहा पावलांवरून ऐकला. चंपानं या वेळी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तासाभरात उतार सपाट झाला. मग त्या माणसांचा मुकादम, शिवदास नावाचा जाडजूड गृहस्थ, पानाची पिंक टाकून ट्रकपाशी उभा राहिला. त्याला घाई होती. "मागच्या खेपेला रिकामा ट्रक नेला म्हणून साहेब बोलला," तो आपल्या माणसांना सांगत होता. "आज माल दिसला पाहिजे. भरा काहीतरी."

माणसांनी काटक्यांच्या ढिगाकडे बघितलं. खिळे वर आलेल्या फळ्या, फाटलेले डबे, तुटक्या पट्ट्या. एकानं हात घातला आणि बोट चोखत मागे घेतला. "हे कोण उचलणार? हात फाटतात." मुकादमानं इकडेतिकडे नजर टाकली आणि ती चार गठ्ठ्यांवर येऊन थांबली.

"हे कुणाचं?"

"माझं," सहदेव पुढे झाला. "सहदेव धोंडू पेडणेकर. वर नाव घातलंय."

"तू काढलंस?"

"चौदा मिनिटांत."

"वा," मुकादम म्हणाला. खरोखर कौतुकानं म्हणाला. "बांधलंस पण छान. मग आमचं कामच केलंस की. उचला रे हे."

सहदेवला आधी कळलंच नाही. "साहेब, हे तोडलेलं नाही. आम्ही आपणहून काढलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास नाहीच झाला. म्हणून तर नेतोय."

"पण त्यांचं सगळं तुम्ही इथंच टाकून चाललात."

"त्यांचं कोण उचलणार? कचरा आहे तो." मुकादम थोडा मऊ झाला. "हे बघ, गोदामात जमा होईल. पावती देतो. पावती दाखव, घेऊन जा. तू शिकलेला माणूस दिसतोस."

पावती म्हटल्यावर सहदेव सैलावला. गिरणीत बावीस वर्षं स्टोअरमधून माल पावतीवर यायचा आणि पावतीवरच परत जायचा. आजवर एक नट इकडचा तिकडे झाला नव्हता. दोन माणसांनी पहिला गठ्ठा उचलला तो एका टोकाला धरून, पत्रा मधे कमानीसारखा वाकला. सहदेव पुढे धावला.

"असं नाही. पन्हळ दबेल त्याची. कान धरा, दोरीचे कान. त्यासाठीच ठेवलेत."

माणसांनी कान धरले. गठ्ठा अल्लाद वर गेला. "अरे, हे तर सोपंय," एकजण म्हणाला. सहदेव ट्रकवर चढला. अँगल खाली, पत्रे वर, दार कडेला टेकवून, मधे फाटकं पोतं घालून, घासटणार नाही अशा बेतानं त्यानं आपलं सगळं घर आपल्या हातानं ट्रकमध्ये लावलं. शेवंती खाली उभी राहून बघत होती. "अहो," ती एकदा म्हणाली. त्यानं वरूनच सांगितलं, "थांब, नीट लावू दे. या लोकांना समजत नाही." टेकडीवरची माणसं आपापल्या काटक्यांवर बसून बघत होती. आज कुणाच्या हातात चहा नव्हता, पण सर्कस मात्र तीच होती. मागून कुणीतरी म्हणालं, "पेडणेकर, दोरी पण सोडू नका, नाहीतर वाटेत सांडेल." दोघं-तिघं हसले.

मुकादमानं सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर काहीतरी खरडून दिलं. सहदेवनं ते मेणकापडात, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलं. ट्रक वळणाखाली दिसेनासा झाला तेव्हा खुर्चीवरच्या म्हातारीनं विचारलं, "रे सहदेवा, घर खंय गेलां?"



दुपारपासून टेकडीवर ठोकाठोकी सुरू झाली. चंपानं पत्रे झटकले, फळ्या वेगळ्या केल्या आणि डालड्याचा डबा उपडा करून खिळे दगडावर सरळ करायला बसली. तिसरा प्रहर झाल्यावर ती उठून पेडणेकरांच्या रिकाम्या चौथऱ्यावर आली. पिशवी शेवंतीच्या मांडीवर होती.

"पक्कड दे. आणि हातोडी."

शेवंतीनं नवऱ्याकडे बघितलं. तो चौथऱ्याच्या कडेवर बसून अँगलच्या खाली पुरलेल्या चार दगडांकडे बघत होता.

"त्याच्याकडे काय बघतेस? गाडीसाठी होती ना पिशवी? गाडी येऊन गेली. आता सुटली." चंपानं स्वतःच पिशवीत हात घातला, हातोडी आणि पक्कड काढली, चाकूही काढला. पाने हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि परत ठेवले. "हे राहू देत. यांना लागेल असं टेकडीवर आता काही नाही."

दिवेलागणीपर्यंत तिचं घर उभं राहिलं, होतं तसंच वाकडं. शेवंती तिच्या दाराशी गेली. "चंपा, म्हातारीला दव बाधेल गं. रात्रीपुरतं..."

"म्हातारीला आण," चंपा म्हणाली. "तिनं माझं काही केलं नाही. तुम्ही दोघं नको."

दोघं ताडपत्री पांघरून चौथऱ्यावर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवनं स्वच्छ शर्ट घातला आणि पावती घेऊन गोदामावर गेला. गोदाम कुठंय हे विचारत विचारत पोचायला त्याला दुपार झाली असावी. संध्याकाळी तो आला, चपला काढून चौथऱ्यावर बसला. शेवंतीनं पत्र्याच्या पेल्यातून पाणी दिलं.

"मिळणार?"

"पावतीवर शिक्का नाही म्हणाले."

"मग शिक्का कोण देतं?"

तो पेला हातात फिरवत राहिला. मग जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगू लागला. गोदामाच्या फाटकाशी रखवालदाराची नवी शेड होती. वर नवे पत्रे. एका पत्र्यावर तांबड्या रंगात नाव होतं, उलटं लागलं होतं, तरी वाचता येत होतं. "मी त्याला म्हटलं, बाबा, भोकं पाडलेलीच आहेत, बोल्ट लाव, नाहीतर वाऱ्यानं जातील. तर म्हणतो, बोल्ट कुठून आणू. खिळे ठोकलेत त्यानं. भोकं सोडून भलतीकडेच."

"तुम्ही भांडला नाहीत?"

"बोल्ट आपल्याकडेच आहेत ना," सहदेव म्हणाला. "डब्यात. अठ्ठेचाळीस. एक हरवला नाही." मग बऱ्याच वेळानं, "चौदा मिनिटं, शेवंते. सगळी टेकडी अर्धा अर्धा तास घेते. तू मोजलीस ना?"

शेवंतीनं पहिल्यांदा त्याच्याकडे असं बघितलं, जणू काळ्या पडलेल्या नखांचं दुखणं तिला आत्ताच जाणवत होतं. पण हात उचलावा असा माणूस तिथं उरला नव्हता. ती उठली.

ताडपत्रीचा आडोसा करायला दोन बांबू मिळाले होते. ते चंपाच्या फळीला ठोकले तर एका बाजूचं छप्पर झालं असतं. खिळे फक्त एका डब्यात होते. ती चंपाच्या दारात उभी राहिली. आत म्हातारी भिंतीला टेकून पेज पीत होती, तिनं सुनेकडे बघितलं नाही.

"चंपा, दोन-चार खिळे देशील?"

चंपानं डबा पुढ्यात ओढला. बोटांनी तळापर्यंत चाळत राहिली. किती तरी सरळ, चांगले खिळे तिच्या हाताखालून गेले. शेवटी एक काढून तिनं शेवंतीच्या तळहातावर ठेवला. दोन इंची. डोक्याखाली तपकिरी डाग होता, पुसूनही न गेलेला.

"हा घे. ओळखीचा आहे तुझ्या."

शेवंतीनं मूठ मिटली. "हातोडी?"

"थांब," चंपा म्हणाली. "आमचं झालं की देते."

शेवंतीनं खिळा दगडानं ठोकला. एकाच खिळ्यावर बांबू राहिना. ताडपत्री घसरून पुन्हा पुन्हा खाली येत होती. शेवटी तिनं तो नाद सोडला आणि खिळ्याला पिशवी अडकवली. सहदेव तिकडे पाठ करून डब्यातले बोल्ट मोजत होता. तिनं पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि पोस्टकार्ड काढलं. ते कोरडं होतं, कोपरासुद्धा दुमडला नव्हता. पत्ता बरोबर होता. पेन्सिलीचं टोक चांगलं होतं. त्या सगळ्या तयारीतली एवढी एक वस्तू ठरल्याप्रमाणे कामाला आली.

तिनं मजकूर वाचला. 'आम्ही' तसंच ठेवलं. 'व घर' यावर आडवी रेघ मारली. मग शेवटच्या वाक्यापाशी तिचा हात थोडा थांबला. थरथरत मात्र नव्हता, तेवढं सहदेवचं चुकलं होतं. 'मुलांना जूनमध्ये पाठवणे' ही ओळ तिनं दोनदा खोडली, दिराला दिव्याच्या उजेडातसुद्धा वाचता येऊ नये इतकी, आणि खाली कोपऱ्यात, प्रेमा जिथं आपली ओळ लिहायची तिथं लिहिलं, 'नंदू काकीला आई म्हणतो ते म्हणू दे.'